शून्य टक्क्यांची किंमत पाटीवर लिहा

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस कुडाळला जा, कणकवलीला जा, चिपळूण किंवा रत्नागिरीला जा, टीव्ही-फ्रिजच्या प्रत्येक दुकानाबाहेर एकच मजकूर दिसतो. शून्य टक्के व्याज. आज घरी न्या, सवडीने द्या. चाकरमानी गावी यायच्या बेतात असतो, गणपतीवर फळापानांची माटवी बांधायची असते, घरी पंचवीस-तीस माणसं जेवायला असणार असतात आणि जुना टीव्ही नेमका तेव्हाच रंग सोडतो. अशा वेळी हा फलक कुणालाही आपलासा वाटेल. माझं म्हणणं या फलकाविषयी आहे. तो काढून टाका असं मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी दोन आकडे लिहिणं कायद्याने सक्तीचं करा, एवढंच मागतो. रोखीने घेतलं तर वस्तू कितीला पडते, आणि हप्त्याने घेतलं तर सगळं धरून कितीला पडते.

शून्य टक्के व्याजाचं कर्ज अशी गोष्ट अस्तित्वातच नाही, हे रिझर्व्ह बँकेनेच बँकांना २०१३ च्या सप्टेंबरमध्ये परिपत्रक काढून सांगितलं होतं. व्याजाचा भाग प्रोसेसिंग फीसारख्या नावाखाली लपवून ग्राहकाच्याच माथी मारला जातो, असं त्या परिपत्रकात म्हटलं होतं. कंपनी किमतीत सवलत देत असेल तर ती किमतीतूनच वजा करून उरलेल्या रकमेचं कर्ज द्या, ती व्याजदर कमी दाखवायला वापरू नका, असंही बजावलं होतं. त्यानंतर योजनांचं बोलणं बदललं. व्याजाची रक्कम कंपनी किंवा दुकानदार आपल्या नफ्यातून कर्ज देणाऱ्याला देतो आणि गिऱ्हाइकाला ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून सांगितलं जातं. कागदावर हे चालतं. पण दुकानदाराने भरलेली ती रक्कम येते कुठून? रोखीच्या गिऱ्हाइकाला जी सूट मिळाली असती, तिच्यातून. क्रेडिट कार्डावरच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यात तर बँक व्याज लावतेच, ते आधी सवलत म्हणून वजा केलेलं असतं, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र गिऱ्हाईकच भरतो.

हिशेब मांडून बघू. आकडे मी सोयीसाठी गोल घेतले आहेत, पण व्यवहाराची रीत हीच आहे. टीव्हीची किंमत ४८,००० रुपये. योजना ‘बारा-चार’, म्हणजे ४,००० चे बारा हप्ते, त्यातले चार दुकानातच आगाऊ भरायचे. फाइल चार्ज करासकट ९९९. आता हाच टीव्ही रोखीने मागितला आणि जरा घासाघीस केली तर दुकानदार ४५,५०० ला देतो. हप्तेवाल्याने खरेदीच्या दिवशी १६,९९९ रुपये मोजलेच. म्हणजे त्याने उसने घेतले फक्त २८,५०१ रुपये. पुढच्या आठ महिन्यांत तो परत करणार ३२,०००. साडेतीन हजाराला एक रुपया कमी, एवढं त्या उसन्या पैशाचं मोल झालं. आठ महिन्यांत हप्त्या-हप्त्याने फिटणाऱ्या कर्जावर हा दर वर्षाला सुमारे ३२ टक्के होतो.

यात बेकायदा काहीच नाही. कुणी खोटं बिल केलेलं नाही, कुणी दमदाटी केलेली नाही. फक्त ३२ टक्क्यांच्या जागी शून्य लिहिलंय. समजा त्याच माणसाने तेच १६,००० आधी भरून उरलेले २९,५०० रुपये गावातल्या पतसंस्थेतून १४ टक्क्यांनी काढले असते, तर आठ महिन्यांत व्याज झालं असतं १,५७० च्या आसपास. म्हणजे चौदा टक्क्यांचं कर्ज शून्य टक्क्यांच्या कर्जापेक्षा निम्म्याहून स्वस्त. पण चौदा हा आकडा ऐकून माणूस दचकतो आणि शून्य ऐकून सही करतो.

सही हा शब्दही आता जुना झाला. दुकानात एका कोपऱ्यात टेबल असतं, त्यामागे फायनान्सचा मुलगा टॅब घेऊन बसलेला असतो. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, एक फोटो. समोर बसलेल्या बाई विचारतात, “व्याज नाय मा रे बाबा?” तो म्हणतो, “काकीनू, व्याज एक पैसो नाय. मोबाइलार ओटीपी इलो काय तो सांगा फक्त.” बाई पर्समधून फोन काढतात, चष्मा सापडत नाही म्हणून फोन त्याच्याच हातात देतात, तो आकडे वाचतो आणि टॅबवर भरतो. दोनदा, कधी तीनदा. त्यातला एक ओटीपी कर्जाच्या करारासाठी असतो, एक दर महिन्याला खात्यातून पैसे कापायच्या परवानगीसाठी, आणि एखादा वाढीव वॉरंटीसाठी किंवा विम्यासाठी, जो बाईंनी मागितलेलाच नसतो. मुलगा वाईट नाही. त्याला महिन्याचं टार्गेट आहे आणि मागे रांग लागलेली आहे. कराराचा कागद बाईंच्या मोबाइलवर इंग्रजीत पीडीएफ होऊन पडतो आणि तिथेच राहतो.

हे असं होऊ नये म्हणून नियम आहे, आणि चांगला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी कर्जदाराला ‘मुख्य तथ्य विवरण’ द्यावं लागतं. सगळे आकार धरून वर्षाला पडणारा खरा दर, हप्त्यांचं वेळापत्रक, उशिराचा दंड, सगळं त्यात हवं. त्यात न लिहिलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि ते विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, समजावून सांगायला हवं. सावंतवाडीतल्या बाईला समजणारी भाषा कोणती, हा काही वादाचा मुद्दा नाही. पण मराठी विवरण छापील स्वरूपात, ओटीपी विचारायच्या आधी हातात ठेवलेलं मी आमच्या बाजारात पाहिलेलं नाही. शिवाय या विवरणातही एक फट राहते. रोखीची सूट जी बुडाली, तिचा त्यात पत्ताच नसतो, कारण कर्ज देणाऱ्याच्या लेखी किंमत ४८,००० च आहे. म्हणून तर माझा आग्रह दुकानाच्या पाटीवर आहे. खरा भाव दुकानदाराला माहीत असतो, आणि तो त्यानेच लिहायला हवा.

कोकणातल्या माणसाला ही रीत खरं तर नवी नाही. आंबा बागायतदार नवी मुंबईतल्या वाशी बाजाराच्या दलालाकडून हंगामाआधी उचल घेतो. फवारणी, राखण, लाकडी पेट्या, मजुरी, सगळं त्यावर चालतं. उचलीवर व्याज लावलंच जातं असं नाही. पण ज्याची उचल घेतली त्याच्याच गाळ्यावर माल घालावा लागतो आणि पेटीला तो देईल तो भाव घ्यावा लागतो. व्याज भावातून कापलं जातं. देवगडपासून राजापूरपर्यंत कुठल्याही बागायतदाराला विचारा, तो सांगेल की बिनव्याजी उचल सगळ्यात महाग. तोच बागायतदार टीव्हीच्या दुकानात गेल्यावर हे विसरतो, कारण तिथे तो पेटी विकणारा नसतो, पेटी घेणारा असतो.

आता हप्त्याच्या वेळापत्रकाकडे येतो, कारण माझ्या मते कोकणासाठी खरी अडचण तिथे आहे. समान मासिक हप्ता ही पगारदाराची सोय आहे. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. कोकणात किती घरांत असा पगार येतो? आंब्याचा पैसा मार्चअखेरीपासून दिसायला लागतो आणि हातात पडेपर्यंत मे उजाडतो, दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, यायला कधी जूनही. काजूचंही तेच. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडतात तेव्हा डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती, खलाशांची उचल यात आधी पैसा जातो, मग येतो. मालवण, तारकर्ली, गुहागर, दापोलीकडे पर्यटनावर जगणाऱ्यांचा पैसा दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात.

आणि खरेदी केव्हा होते? गणपतीत. म्हणजे मेचा पैसा मुलांच्या फीत, खतात, कौलं शाकारण्यात, औषधपाण्यात जाऊन संपलेला असतो, नवा पैसा अजून झाडावरही दिसत नसतो, तेव्हा. सप्टेंबरमध्ये घेतलेल्या टीव्हीचे आठ हप्ते ऑक्टोबरपासून मेपर्यंत. ज्या महिन्यांत घरात पैसा कमीत कमी, नेमके ते महिने. आंब्याची पट्टी येते तेव्हा कर्ज फिटत आलेलं असतं आणि तोवर दोन-तीन हप्ते चुकलेले असतात.

चुकलेल्या हप्त्याचं काय होतं ते नीट सांगायला हवं. ठरलेल्या तारखेला खात्यात पैसे नसले की कर्ज देणारी कंपनी बाऊन्स चार्ज लावते आणि आपली बँकही वेगळा लावते. काही कंपन्या दोन-तीन दिवसांनी पुन्हा मागणी टाकतात, ती परतली की बँकेचा आकार पुन्हा. चार हजारांच्या हप्त्यामागे हजार-बाराशे रुपये असेच उडू शकतात. दंडाच्या नावाखाली व्याज लावू नका आणि दंडावर पुन्हा व्याज चढवू नका असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सांगितलं आहे, तेवढा दिलासा. पण ईएमआय परत जाणं ही चेक वटला नाही तशीच बाब कायद्याने धरलेली आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो तो वेगळा. दोन वर्षांनी होडीच्या इंजिनासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत गेल्यावर तो टीव्ही आडवा येतो.

या सगळ्याहून जहाल प्रकार अमेरिकेत चालतो, आणि त्याकडे आताच लक्ष द्यायला हवं. तिथल्या मोठ्या दुकानांच्या कार्डांवर ‘बारा महिने व्याज नाही’ अशी योजना असते. व्याज माफ नसतं, नुसतं पुढे ढकललेलं असतं. १,२०० डॉलरचा टीव्ही घेतला, महिन्याला १०० डॉलर इमानाने भरत आलात, शेवटच्या महिन्यात १०० च्या जागी ५० भरले, तर व्याज फक्त उरलेल्या ५० वर लागत नाही. पहिल्या दिवसापासूनचं, बाराही महिन्यांचं व्याज एका रात्रीत अंगावर येतं. वर्षाला ३० टक्के दर धरला तर ते १९५ डॉलर होतं. पन्नास राहिले म्हणून एकशे पंच्याण्णव. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने २०१७ मध्ये दुकानांची कार्डं चालवणाऱ्या कंपन्यांना पत्रं लिहून हे सोडा, सरळ शून्य टक्क्यांची योजना द्या असं सुचवलं होतं. तरी प्रकार चालूच आहे, कारण कायद्याने त्याला मनाई नाही.

आपल्याकडे हे नाही असं समजू नका. क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल न भरता ‘किमान देय रक्कम’ भरली की बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं, महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी. मुंबईतला मुलगा आपल्या कार्डावर गावच्या घरासाठी साठ हजारांचा टीव्ही घेतो, दिवाळीचा बोनस आला की फेडू म्हणतो, बोनस लांबतो, तो किमान रक्कम भरत राहतो. टीव्ही अकरा दिवस आरत्यांच्या गर्दीत चालतो आणि नंतर बंद घरात खाऱ्या हवेत पडून राहतो. ‘आता घ्या, नंतर द्या’वाली मोबाइल अॅप्स अशाच वाटेने जाऊ शकतात. मागील तारखेपासून व्याज लावण्याला आपल्याकडे स्पष्ट मनाई हवी. मुदत चुकली तर चुकल्या दिवसापासून, राहिलेल्या रकमेवर व्याज लावा. याला कुणी अन्याय म्हणणार नाही.

माझ्या या म्हणण्यावर दुकानदार मित्र चिडतात. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. हप्ता नसता तर गरिबाच्या घरी फ्रिज आलाच नसता, असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे. हर्णैच्या बंदरावर लिलावात मासळी घेऊन गावोगाव विकणाऱ्या बाईला डीप फ्रीझर मिळाला तर संध्याकाळी उरलेला बांगडा मातीमोल भावाने देऊन टाकावा लागत नाही. तिच्यासाठी तो फ्रीझर म्हणजे धंद्याचं भांडवल आहे, आणि तो हप्त्यावर घेण्यात काहीच गैर नाही. व्याज देण्यातही नाही. पैशाला मोल असतं, उसन्या पैशाला जास्त, हे त्या बाईला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. रोज सकाळी ती लिलावात उभ्या उभ्या हिशेब करते. म्हणूनच तिला खरा आकडा सांगा. ४५,५०० आणि ४८,९९९ हे दोन आकडे पाटीवर शेजारी शेजारी असले तर ती काय करायचं ते ठरवेल. कदाचित हप्त्यावरच घेईल. कदाचित बचत गटातून उचल काढून रोखीने घेईल. कदाचित दोन महिने थांबेल.

थांबण्याचंही मोल असतं. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबरला. चतुर्थीच्या गडबडीत ज्यांनी घेतला त्यांचे हप्ते जुन्या किमतीवर चालू राहिले.

आणखी एक गोष्ट आमच्या किनाऱ्यावर विसरून चालत नाही. वस्तू गेली तरी हप्ता राहतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगरची घरं उघडी पाडली. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरलं. गाळाने भरलेले फ्रिज रस्त्याच्या कडेला रांगेने ठेवलेले होते, दारं उघडी, आत चिखल. त्यांतल्या ज्यांचे हप्ते चालू होते, त्यांचे ते पुढच्या महिन्यातही चालूच होते. परतीच्या पावसात वीज पडून टीव्ही जळणं हे तर दरवर्षीचं, आणि वीज पडल्याचं नुकसान बहुतेक वॉरंट्यांत बसत नाही. ओटीपी घेऊन गळ्यात मारलेल्या विम्यात ते बसतं का, हे टेबलामागच्या मुलाला विचारलं पाहिजे. कर्जाबरोबर विमा विकायचाच असेल तर पूर, वादळ, वीज यांपासून संरक्षण देणारा विका, आणि त्याचे पैसे वेगळे दाखवा.

हंगाम बघून कर्जफेड ठरवणं बँकांना जमत नाही असंही नाही. पीककर्जाची मुदत पिकाच्या हंगामावर ठरते, थकबाकीही पिकाच्या हंगामांवर मोजली जाते. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू झालं. म्हणजे शेतात आणि समुद्रात माणसाचा पैसा दर महिन्याला येत नाही हे व्यवस्थेला मान्य आहे. तोच माणूस फ्रिज घ्यायला गेला की मात्र त्याला दर महिन्याच्या एक तारखेचा पगारदार धरलं जातं. मोठ्या वित्त कंपन्या रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी वेगळी योजना करणार नाहीत हे मी समजू शकतो. पण आमच्या पतसंस्थांना आणि जिल्हा बँकांना कुणी अडवलंय? सभासदाची बाग किती कलमांची, होडी कोणाच्या भागीत, हे त्यांच्या वसुली अधिकाऱ्याला तोंडपाठ असतं.

वरच्याच टीव्हीचा हिशेब घ्या. १६,००० रुपये आधी, उरलेले २९,५०० पतसंस्थेकडून १४ टक्क्यांनी, सप्टेंबरच्या मध्याला. ऑक्टोबर ते एप्रिल महिन्याला फक्त १,००० रुपये, आणि मेच्या मध्याला आंब्याची पट्टी आल्यावर उरलेले सुमारे २५,००० एकरकमी. एकूण व्याज साधारण २,५३० रुपये होतं. पतसंस्थेला तिचं पूर्ण व्याज मिळालं, बागायतदाराला सात महिने चार हजारांच्या जागी एक हजार द्यावे लागले, आणि तरीही शून्य टक्क्यांच्या योजनेपेक्षा त्याचे ९६० रुपये वाचले. वाईट हंगाम आलाच तर मुदत वाढवायला समोर ओळखीचा माणूस आहे. येत्या वार्षिक सभेत, ताळेबंद मंजूर करायच्या आधी, सभासदांनी हा एक विषय लेखी देऊन अजेंड्यावर घ्यायला लावावा. आणि तालुक्याच्या व्यापारी संघांनी कायद्याची वाट न बघता दोन भावांची पाटी या चतुर्थीपासूनच लावावी. ज्या दुकानदाराचा हप्ता खरोखरच बिनव्याजी असेल, त्याच्या पाटीवर दोन्ही आकडे सारखे येतील, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडेच जाईल.